कॉर्व्हेटची फायरवॉल: पॅच मारावा की पॅनलच बदलावा?

१९६३ ते १९६७ च्या कॉर्व्हेटची, म्हणजे शेव्हरोलेच्या स्पोर्ट्स कारची, फायरवॉल (इंजिन आणि प्रवाशांची जागा यांच्यामधली आडभिंत) फायबरग्लासची असते आणि आतल्या पोलादी सांगाड्याला, म्हणजे बर्डकेजला, जोडलेली असते. आधीच्या मालकांनी एसी, स्पीकर, वायरिंग यांसाठी तिला मन मानेल तिथे भोकं पाडलेली असतात.

भोकं मोजकी असतील, तर माझा कौल पॅचलाच. कारखान्यातला मूळ पॅनल शाबूत राहतो, हे मला फार मोलाचं वाटतं. दोन्ही बाजूंचा रंग खरवडा, भोकाचा काठ रुंद, उतरता घासा आणि रेझिनमध्ये भिजवलेल्या फायबरग्लास मॅटचे थर चढवा. काठ उभाच ठेवून नुसती पुट्टी भरली, तर इंजिनच्या उष्णतेने आणि हादऱ्यांनी भोकाभोवती गोल तडा उमटतो.

पूर्ण पॅनल बदलणं म्हणजे मोठं काम. डॅश, हीटर, ब्रेकचा मास्टर सिलिंडर, स्टिअरिंग कॉलम, सगळं उतरवावं लागतं. पण विंडशिल्डच्या खांबांच्या बुडाशी लपलेला गंज तेव्हाच नीट उघडा पडतो. तिथे स्क्रूड्रायव्हरचं टोक दाबून पाहा. पत्रा आत गेला, तर पॅचवर एक पैसाही घालू नका.

नवा पॅनल प्रेस-मोल्डेडच, म्हणजे साच्यात दोन्ही बाजूंनी दाबून बनवलेलाच, घ्या. हाताने थर देऊन बनवलेला स्वस्त पडतो, पण तो एकाच बाजूने गुळगुळीत असतो आणि जाडी कमीजास्त निघाल्याने बर्डकेजवर सपाट टेकत नाही. अ‍ॅडहेसिव्ह लावण्याआधी तो क्लॅम्पने बसवून बॉनेटच्या आणि दरवाजांच्या फटी तपासा.