लिफ्टओव्हर: फुकटात चोख काम, पण मोजणीकडे लक्ष तुमचं तुम्हीच द्या

जळगाव-धुळ्याकडची बायोटेकवाली पोरं सारखी एकच विचारतात, जुन्या पेपरमधली पोझिशन नव्या जीनोमवर कशी आणायची, म्हणून एकदाचं सविस्तर लिहितोच. मी यूसीएससीचं (अमेरिकेतलं कॅलिफोर्निया विद्यापीठ, सांताक्रूझ) लिफ्टओव्हर वापरतो, वेबसाइटवरचं पण आणि टर्मिनलवरचं पण. माझ्याकडून चार स्टार, पाचवा का कापला ते खाली येतंच.

नवीन लोकांसाठी थोडक्यात. माणसाच्या जीनोमची एक आवृत्ती २००९ ची, एचजी१९, तिच्यानंतरची डिसेंबर २०१३ ची, एचजी३८. मधल्या काळात गाळलेले तुकडे भरले, चुकलेले दुरुस्त केले, आणि पुढचे सगळे आकडे सरकले. आपल्याकडे एकत्रीकरणात सर्व्हे नंबरचे गट नंबर झाले ना, तसंच, वावर तेच पण सातबाऱ्यावर नंबर दुसरा. लिफ्टओव्हर चेन फाइल (कुठला जुना तुकडा नव्यात कुठे गेला याची यादी) वाचून जुना नंबर नव्यात करून देतं, बस. फाइल मोठी असली तरी पटकन उरकतं, आणि टर्मिनलवर एकदा चेन फाइल उतरवून घेतली की नेट गेलं तरी काम थांबत नाही, आपल्याकडे याची किंमत काय ते सांगायला नको.

टूल तपासायला मी सिकलसेलचीच जागा घेतो, म्हणजे जिथलं एक अक्षर बदललं की तो आजार होतो ती, कारण नंदुरबारकडे, धडगाव-अक्कलकुव्याच्या पट्ट्यात हा आजार घराघरात माहीत आहे आणि उत्तर आधीपासून पक्कं आहे. अकरा नंबरच्या क्रोमोसोमवर एचजी१९ मध्ये ५२४८२३२, एचजी३८ मध्ये ५२२७००२. वेबसाइटवर कोलन आणि डॅशवाल्या स्टाइलने (chr11:5248232-5248232) टाकलं की बरोबर हेच येतं.

आता पाचव्या स्टारची गोष्ट. कोलन-डॅशची मोजणी एकपासून सुरू होते आणि दोन्ही टोकं धरते. तीच जागा बेड फॉरमॅटमध्ये, म्हणजे स्पेस किंवा टॅब देऊन लिहिली की मोजणी शून्यापासून आणि शेवटचं टोक बाहेर, म्हणून तिथे ५२४८२३१ ते ५२४८२३२ असं लिहावं लागतं. कोणी व्हीसीएफमधला, म्हणजे डीएनएमधल्या बदलांची यादी असलेल्या फाइलमधला आकडा (तो एकपासूनचा) उचलून तसाच बेडची सुरुवात म्हणून ठेवला आणि पुढे एक मिळवला, तर लिफ्टओव्हर कुरकुर न करता उत्तर देतं आणि ते एकपासून मोजलं तर असतं ५२२७००३. शेजारचा बेस, म्हणजे डीएनएचं शेजारचं अक्षर. आणि भो, मजा बघा, त्या शेजारच्या बेसवर हिमोग्लोबिन सी (हिमोग्लोबिनचा दुसरा एक बदललेला प्रकार) चं म्युटेशन असतं! म्हणजे आकडा चुकला तरी समोर एक नावाजलेलं म्युटेशनच दिसणार, शंका यायला जागाच नाही. टूलची यात चूक नाही म्हणा, त्याला दिलं ते त्याने बदललं, पण वेबपेजवर दोन्ही फॉरमॅट एकाच बॉक्समध्ये घेता तर कुठली मोजणी धरली हे रिझल्टच्या शेजारी मोठ्या अक्षरात छापायला काय हरकत होती. पायथनमधलं पायलिफ्टओव्हर पण शून्यापासूनच मोजतं, तिथेही हेच लक्षात ठेवा.

दुसरी गोष्ट, लिफ्टओव्हर फक्त जागा हलवतं, तिथे कुठलं अक्षर आहे ते बघत नाही. दोन आवृत्त्यांत काही ठिकाणी रेफरन्सचं अक्षरच बदललंय, काही तुकडे उलट्या स्ट्रँडवर (डीएनएच्या समोरच्या धाग्यावर) गेलेत. त्यामुळे व्हीसीएफ असेल तर पिकार्डचं लिफ्टओव्हरव्हीसीएफ किंवा क्रॉसमॅप घ्या, दोघांनाही नव्या जीनोमची फास्टा फाइल (त्यातली सगळी अक्षरं) द्यावी लागते. क्रॉसमॅप बॅम (जीनोमवर जुळवलेले डीएनएचे तुकडे), जीएफएफ (जीन कुठे आहेत त्याची यादी) पण घेतं. आणि स्ट्रँडवरून आठवलं, सिकलसेलचा बदल ज्यात होतो तो बीटा ग्लोबिनचा जीन उलट्या स्ट्रँडवर आहे, म्हणून रिपोर्टमध्ये सी.२०ए>टी (विसाव्या अक्षराला ए चं टी) लिहिलेलं असतं आणि जीनोमवर तेच टी चं ए दिसतं, शिवाय जुनी पुस्तकं सहावं अमिनो आम्ल म्हणतात आणि आताचे नियम सातवं, कारण आता सुरुवातीचं मेथिओनिन पण मोजतात. हे रूपांतर लिफ्टओव्हर करत नाही, त्यासाठी लायडनवाल्यांचं म्युटलायझर बघा.

जे हलत नाही ते वेगळ्या अनमॅप्ड फाइलमध्ये कारणासकट येतं: नव्यात डिलीट, अर्धवट डिलीट, तुकडे पडले वगैरे. हे मला फार आवडतं, पण ही फाइल कोणी उघडतच नाही! मोठे रीजन असतील तर आधी तीच उघडा, कारण डिफॉल्टला ९५ टक्के बेस जुळावे लागतात. मायटोकॉन्ड्रियाचं सांभाळून, यूसीएससीच्या मूळ एचजी१९ मधला तो १६५७१ बेसचा आहे आणि बाकी सगळे वापरतात तो १६५६९ चा.

शिकणाऱ्याला, कॉलेजला फुकट आहे, पण धंद्यासाठी लायसन्स घ्यावं लागतं, हे पॅथॉलॉजी लॅबवाल्यांनी आधीच विचारून घ्यावं.

केळीवर, कापसावर काम करणाऱ्यांना मात्र लिफ्टओव्हरने सुरुवात करा असं मी म्हणणार नाही. केळीच्या डीएच-पहांग वाणाचा जीनोम २०१२ ला आला, नंतर सुधारून नवे आले, आणि अशा पिकांत चेन फाइल आपली आपण बनवत बसायची पाळी येते, ते डोकेदुखीचं काम आहे. जीनच न्यायचे असतील तर लिफ्टऑफ घ्या, दोन्ही जीनोमच्या फास्टा आणि जुनी जीएफएफ दिली की ते स्वतः अलाइन करून नवी जीएफएफ देतं. जीएफएफची मोजणी एकपासून, बरं का.