नवा बँड शोधायचा तर बेंगळूर, गोवा, पुणे की आपलं बेळगावच?

आमच्या घरात 'बँड ऐकायला चाललोय' असं म्हटलं की आजी हमखास विचारते, "कुणाचं लगीन?" तिची चूक नाही. बेळगाव-खानापूर-निपाणी पट्ट्यात बँड म्हणजे वरातीपुढचा, डगले घातलेला, नाहीतर गणपतीतली बेंजो पार्टी. मी म्हणतोय तो बँड वेगळा. चार-पाच पोरं, स्वतःची गाणी, पाठीशी कुठली कंपनी नाही, आणि घरच्यांना अजून 'हे किती दिवस चालणार' याचं उत्तर दिलेलं नाही, असा.

उद्यमबागच्या बाजूला इंजिनिअरिंग शिकणारा माझा एक धाकटा दोस्त आहे. त्यानं मागच्या महिन्यात विचारलं, "दादा, महिन्याला दोन हजार बाजूला पडतात. बेंगळूरला जाऊ, का गोव्याला? पुण्याचंबी मनात हाय खरं, लांब पडतंय." मी गेली आठ-नऊ वर्षं या चारही वाटांवर पैसे उडवले आहेत, तेव्हा त्याला सांगितलं तेच इथं जरा सविस्तर लिहितो.

आधी माझा निकष. एका रात्रीत किती बँड ऐकले याला मी फारसं महत्त्व देत नाही. कार्यक्रम संपल्यावर त्यांच्याशी दहा मिनिटं बोलता येतं का, हे बघतो. कारण मोबाइलवरचं अॅप तुम्हाला तुमच्याच आवडीसारखं आणखी काही वाढतं, तर बेस गिटार वाजवणारा पोरगा सांगतो की आमच्याच प्रॅक्टिस रूममध्ये मंगळवारी एक बँड येतो, अजून एकही गाणं टाकलेलं नाही, ते ऐक. माझे आवडते निम्मे बँड असे दुसऱ्या बँडच्या तोंडून कळलेले आहेत. आणि आपल्याला ही सवय नवी नाही. नाटक संपलं की रंगपटात जाऊन नटाला भेटायचं, मैफलीच्या मध्यंतरात बुवांच्या आसपास घुटमळायचं, हे मराठी माणूस न लाजता करतो. गिटारवाल्यापुढेच कशाला बुजायचं?

बेंगळूर

निव्वळ आवाक्यात बेंगळूरची बरोबरी नाही. थर्मल अँड अ क्वार्टर हा बँड १९९६ पासून तिथं आहे, स्वरात्मा हा बँड २००२ पासून, आणि रघू दीक्षित तर जन्मानं नाशिकचा, वाढला म्हैसूरला, गातो कन्नडमधून. आपल्या सीमाभागाला ही सरमिसळ वेगळी समजावून सांगायला नको. मोठ्या नावांमागे नव्यांची रांग आहे. इंदिरानगर, कोरमंगला, व्हाइटफिल्ड या भागांत आठवड्याच्या मधल्या वारीही कुणी ना कुणी वाजवत असतं. रॉक, जॅझ, मेटल, कन्नड लोकगीतांवरचे प्रयोग, सगळं एका शहरात.

अडचण अंतराची. रस्त्यानं पाचशेएक किलोमीटर. राणी चन्नम्मा एक्सप्रेसनं रात्री झोपून सकाळी उतरायचं हे ठीक, पण कार्यक्रम नऊला सुरू होतो आणि अकराच्या पुढे जातो, म्हणजे एक मुक्काम आलाच. २०२५ मध्ये सुरू झालेली वंदे भारत पहाटे निघून दुपारी पोहोचवते, पण परतीला ती रात्रीच्या कार्यक्रमानंतर उपयोगाची नाही. तिकीट, डॉर्मिटरीतला पलंग, रिक्षा, दारावरचं कव्हर (म्हणजे आत जायचे पैसे) धरून अडीच-तीन हजारांच्या आत मला कधी जमलेलं नाही. शिवाय बहुतेक पब एकवीसच्या खालच्याला आत घेत नाहीत. माझा दोस्त एकोणीसचा, म्हणजे त्याच्यासाठी निम्मं बेंगळूर इथंच कटलं.

बोलण्याचं म्हणाल तर बेंगळूर विचित्र आहे. कार्यक्रमानंतर थांबलात तर हाती काही लागत नाही. वाजवणारे बहुतेक दिवसा नोकरी करतात, सकाळी मीटिंग असते, केबल गुंडाळून ते कॅबमध्ये बसलेले असतात. खरी वेळ साउंडचेकची, म्हणजे कार्यक्रमाआधी वाद्यं-माइकचा आवाज जुळवतात तेव्हाची. संध्याकाळी साडेपाच-सहाला जागेपाशी पोहोचा. पहिल्या नंबरला वाजवणारा बँड बाहेर पायरीवर चहा पीत बसलेला असतो, कारण मुख्य बँडचा साउंडचेक लांबलेला असतो आणि यांना कुणी विचारत नसतं. मी एकदा अशाच पायरीवर आपल्याकडच्या कन्नडमध्ये वेळ विचारली. ड्रमर खो खो हसला. म्हणाला, किती वर्षांनी हा हेल ऐकला, माझं आजोळ गोकाकचं. मग तासभर बोलला आणि तीन बँडची नावं माझ्या वहीत स्वतःच्या अक्षरात लिहून दिली. त्यातला एक आज माझा सगळ्यात लाडका आहे.

आणि एकदा असंही झालं की रात्रभर प्रवास करून गेलो, तर दारावर कागद चिकटवलेला: आजचा कार्यक्रम रद्द. कव्हरचे पैसे आले नाहीत ते नाहीतच. तेव्हापासून तिकीट काढण्याआधी आणि गाडीत बसण्याआधी जागेचं नव्हे, बँडचं स्वतःचं पान बघतो.

गोवा

चोर्ला घाटानं पणजी सव्वाशे किलोमीटरच्या आत-बाहेर. चौघांनी गाडी केली तर पेट्रोल वाटून घेता येतं. पण पावसाळ्यात हा विचार डोक्यातून काढा. घाटात धुकं, दरडी, आणि किनाऱ्यावरचे शॅक तसेही बंद. हंगाम ऑक्टोबर ते एप्रिल. रात्री उशिरा घाट चढायचा नाही, हे मी आईला दिलेलं वचन आहे. तुम्हीही कुणाला तरी द्या.

गोव्याची पहिली चाळणी अशी की तिथं वाजतं खूप, पण त्यातलं बरंचसं पर्यटकांसाठी, दुसऱ्यांची जुनी इंग्रजी गाणी. आत जाण्याआधी सरळ विचारायचं, "आज ओरिजिनल किती?" एकही नसलं तरी लगेच उठू नका. वाजवणारा घरी स्वतःचं काही लिहीत असतो, फक्त ते ऐकवायला त्याला इथले पैसे मिळत नाहीत. ते ओठावर यायला एक प्रश्न पुरतो.

आणि बोलण्यात गोवेकराला तोड नाही. घाई नाही, कोकणी-मराठीचा अडसर नाही, खुर्ची ओढून तुमच्याच टेबलावर बसतात. बोलणं कशावर होतं तर कॉर्डवर, अरेंजमेंटवर, कुठल्या ठिकाणी ट्रम्पेट गप्प ठेवला यावर. याला कारण आहे. पोर्तुगीज काळापासून तिथल्या चर्चच्या शाळांमध्ये पोरांना नोटेशन वाचायला शिकवत. त्यातूनच सेबॅस्टियन डिसूझा, अँथनी गोन्साल्विस असे लोक मुंबईत आले आणि हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदांचा कणा झाले. आजही सकाळी चर्चच्या क्वायरमध्ये, दुपारी तियात्रात, म्हणजे कोकणी संगीत नाटकात, आणि रात्री बारमध्ये वाजवणारा माणूस तिथं भेटतो. एका ट्रम्पेटवाल्यानं मला बिलाच्या मागच्या बाजूला चार ओळी नोटेशन काढून दाखवलं की मूळ गाण्यात काय होतं आणि त्यानं काय बदललं. मला त्यातलं एक अक्षर वाचता येत नाही. कागद जपून ठेवलाय.

खिशाला परवडणारा आणखी एक दरवाजा म्हणजे डिसेंबरात पणजीत भरणारा सेरेंडिपिटी आर्ट्स फेस्टिव्हल. २०१६ पासून चालू आहे, आणि नाव नोंदवलं की बहुतेक कार्यक्रम फुकट. तिथं दिवसाउजेडी वाजवणारे भेटतात, म्हणून गप्पाही सोप्या.

पुणे

पुण्याला मी थोडक्यात उरकतो. साडेतीनशे किलोमीटर, रस्ता सरळ. पुण्याचं नाव या विषयात निघतं ते मुख्यतः मोठ्या फेस्टिव्हलमुळे. एनएच७ वीकेंडर २०१० साली पुण्यातच सुरू झाला. फेस्टिव्हलमध्ये एका तिकिटात दहा-पंधरा बँड कानावर पडतात हे खरंय. पण मी दोन दिवसांत चौदा ऐकले आणि बोललो एकाशीही नाही. मध्ये बॅरिकेड, पुढे धक्काबुक्की, आणि दोन मंचांवर एकाच वेळी आपल्याला हवे तेच. जायचंच असेल तर पोस्टर खालून वर वाचा. बारीक अक्षरातले बँड दुपारी तीनला वाजवतात, तेव्हा समोर तीस माणसं असतात. तेवढाच भाग कामाचा.

एक गोष्ट मात्र पुणे-मुंबईकडूनच मिळते, ती म्हणजे मराठीतलं नवं. अभंगाला गिटार-ड्रम लावणारा अभंग रिपोस्ट आमच्याकडच्या भजनी मंडळाच्या कानालाही लगेच ओळखीचा वाटतो. आमच्या गल्लीतल्या पखवाजवाल्या काकांनी मोबाइलवर ऐकून एवढंच म्हटलं, "लय बरोबर हाय, खरं जरा पळवालेत."

आणि बेळगाव

इथं नियमित असं काही नाही. टिळकवाडी, कॅम्पातल्या एखाद्या कॅफेत महिन्या-दोन महिन्यांनी कुणी वाजवतं, आणि कॉलेजांचे फेस्ट. उघड्यावर असेल तर दहाला लाउडस्पीकर बंद, तो नियम २००० सालचा, सगळीकडे सारखाच. फेस्टमध्ये बाहेरून आणलेला गायक रात्री येतो आणि गर्दी त्याच्यासाठी. गावातल्या पोरांना चारच्या उन्हात उभं करतात, समोर सगळे पाणीपुरी खात असतात. म्हणूनच चारला जायचं.

मागच्या वर्षी अशाच एका कार्यक्रमात तिघांचा बँड होता. बेसला अॅम्प, म्हणजे आवाज मोठा करणारा स्पीकर, नव्हता, कीबोर्डच्या अॅम्पमध्ये पिन खुपसली होती. स्नेअर, म्हणजे ड्रमरपुढचा खणखणीत छोटा ड्रम, नको इतका खणखणत होता म्हणून ड्रमरनं खिशातलं पाकीट काढून कातड्यावर ठेवलं आणि वरून चिकटपट्टी मारली. आवाज एकदम जागेवर आला. मंचावर चढून मराठीत बोलायचं की कन्नडमध्ये, हा आपल्याकडे कधीही पेटू शकणारा प्रश्न. त्यांनी फक्त "नमस्कार" म्हटलं, तो दोन्हीकडे चालतो, आणि गाणं सुरू केलं. कडवं मराठी, धृपद कन्नड. नंतर विचारलं तर गाणाऱ्यानं सांगितलं, "असं ठरवून नाही केलं वो. घरात आई मराठीत ओरडती, शेजारची मावशी कन्नडमध्ये." बेसवाला खानापूरकडचा, लहानपणापासून भजनात ढोलकी. त्या ढोलकीची चाल त्याच्या बेसमध्ये जशीच्या तशी ऐकू येत होती, आणि हे त्याला स्वतःला माहीत नव्हतं.

इथं ऐकायला मिळतं कमी आणि कच्चं, हे मान्य. पण गप्पांना वेळेची मर्यादा नाही, पुढच्या आठवड्यात तोच पोरगा गणपत गल्लीत भाजी घेताना भेटतो. कुमार गंधर्व इथल्याच सुळेभावीचे, आणि शिकायला त्यांना मुंबईला देवधरांकडे जावं लागलं. आजही पोरं निघून जातातच. तेव्हा जाण्याआधी ऐकून घ्यावं.

बोलायचं काय

"तुमची प्रेरणा कोण?" हे विचारू नका, त्याचं उत्तर पाठ असतं. वस्तूबद्दल विचारा: ती तार सैल का लावली, पाकीट का ठेवलं. मग शेवटी, "गेल्या महिन्यात तुम्ही कुणाला ऐकलंत?" नाव मिळालं की तिथंच लिहून घ्यायचं, सकाळी आठवत नाही. आणि टी-शर्ट किंवा सीडी असेल तर घ्या. २०२४ पासून स्पॉटिफाय वर्षाला हजारपेक्षा कमी वेळा ऐकलेल्या गाण्याला एक पैसाही देत नाही, आणि नवा बँड बहुधा त्या हजाराच्या खालीच असतो. तुमचे चारशे रुपये त्यांना थेट पोहोचतात.

माझ्या दोस्ताला मी असा हिशोब दिला: बेळगावात काहीही असेल तिथं जा, खर्च वडापावचा. दोन-तीन महिने साठवून हंगामात एक गोवा. बेंगळूर एकविशी पार झाल्यावर, तेही परीक्षा किंवा मुलाखतीला जाणं होईल तेव्हा जोडून. पुणे एकदा, पोस्टर खालून वाचत. जो आधीच नोकरीला आहे आणि वेगवेगळ्या धाटणीचं खूप काही ऐकायचंय, त्यानं माझा हा क्रम बदलून बेंगळूर पहिलं धरावं.

परवा दुपारी त्याचा फोटो आला. कॉलेजचं मैदान, ऊन, रिकाम्या खुर्च्या, आणि जवळून काढलेला स्नेअर, त्यावर दुमडलेला हातरुमाल. खाली लिहिलंय, "पाकीट नव्हतं म्हणे. डिसेंबरात चोर्ल्याच्या गाडीत एक जागा हाय काय?"