ट्रेड डेप्थ गेज: ट्रेलरचे टायर एकाच कडेने झिजत असतील तर घ्याच

टायरच्या नक्षीची खोली मोजायचं साधं डिजिटल गेज आहे, खिशात मावतं, पिन खोबणीत टाकायची आणि आकडा वाचायचा, यात रिव्ह्यू लिहिण्यासारखं काय असं कुणालाही वाटेल. नुसती कार असेल तर खरंच काही नाही. पण दोन एक्सलचा ट्रॅव्हल ट्रेलर (गाडीमागे ओढायचं फिरतं घर) असेल तर ही वस्तू जवळ पाहिजेच, कारण ट्रेलरच्या टायरची आतली कड उभ्याने दिसतच नाही, बाहेरून नक्षी एकदम झकास आणि आतून गोटा झालेला, असं सर्रास असतं.

वापरायच्या आधी काचेवर टेकवून झिरो करून घ्या. मग प्रत्येक टायरला बाहेरची, मधली आणि आतली अशा तीन खोबणींत रीडिंग घ्यायचं, आणि तेसुद्धा टायरभर वेगवेगळ्या जागी, एका जागेवर भरवसा नको. खोबणीच्या तळाशी छोटे उंचवटे असतात, त्यावर पिन टेकली तर रीडिंग १.६ मिमीने कमी येतं आणि उगाच छातीत धस्स होतं.

आता मुद्द्याचं. माझ्या मागच्या एक्सलच्या डाव्या टायरला बाहेर ६.४, मध्ये ६.१ आणि आत ३.२ मिमी आलं. टायरवाल्याने नुसतं बघून सांगितलं की हवा कमी ठेवता, नवीन जोडी टाका. अहो हवा कमी असती तर दोन्ही कडा गेल्या असत्या ना, आणि जास्त असती तर मधला भाग गेला असता, एकच कड जाते तेव्हा हवेला दोष देऊन काही उपयोग नाही. मग त्याच एक्सलच्या उजव्या टायरला गेज लावलं तर तिथे उलटंच, आत ६.२ आणि बाहेर ४.०. इथे गेजचे पैसे वसूल झाले बघा. दोन्ही टायर आतून गेले असते तर एक्सल वाकलाय किंवा लोड जास्त होतोय असा संशय घ्यायचा (ट्रेलरचा एक्सल बहुतेक वेळा मध्ये किंचित वर उचललेलाच बनवतात, लोड आल्यावर तो सरळ होतो, प्रमाणाबाहेर लोड झाला की चाकं वरून आत झुकतात आणि आतली कड घासते). पण एक आतून आणि दुसरा बाहेरून म्हणजे एक्सलच तिरका बसलाय, दोन्ही चाकं एकाच बाजूला तोंड करून फरफटतायत. टेप घेऊन पुढच्या कपलरच्या (ट्रेलर गाडीला जोडतात तो भाग) मध्यापासून दोन्हीकडच्या हबपर्यंत (चाकाचा मधला भाग) अंतर मोजलं, डावी बाजू सहा-सात मिमी मागे, खरं तर फरक तीनच्या आत पाहिजे. खाली शिरून बघितलं तर स्प्रिंगचा पाटा जिथे मागच्या हँगरला (फ्रेमवरच्या आधाराला) बोल्टने अडकतो तिथलं नायलॉनचं बुश पार संपलेलं आणि बोल्टने भोक लांबट करून टाकलेलं. नवीन टायर टाकले असते तर तेही असेच गेले असते.

गेजला सगळं कळतं असं मात्र नाही. तळहात टायरवर एकदा इकडून आणि एकदा तिकडून फिरवा, एका दिशेने गुळगुळीत आणि दुसऱ्या दिशेने धार लागली तर चाक तिरकं चालतंय, हे आकड्याच्या आधी हाताला कळतं. जागोजागी खड्डे पडले असतील तर बॅलन्सिंग किंवा बेअरिंग, जॅक लावून चाक वर-खाली हलवून बघायचं. दोन एक्सल असले की रिव्हर्समध्ये अगदी जागेवर वळवताना टायर आडवे घासतातच, त्यामुळे थोडा फरक दिसला म्हणून लगेच गॅरेज गाठू नका.

आणि वयाचं याला काही कळत नाही. ट्रेलर उभाच जास्त असतो, त्यामुळे नक्षी संपायच्या आधी रबरच म्हातारं होतं. गेज ७ मिमी दाखवेल आणि टायर बाद असेल. साइडवॉलवरच्या DOT कोडचे शेवटचे चार आकडे बघा, २३१९ म्हणजे २०१९ चा २३ वा आठवडा, पाच-सहा वर्षं झाली की नक्षी कितीही असो, बदलायच्या तयारीला लागा.

तक्रारी दोन. आतल्या खोबणीत हात घातला की डिस्प्लेचं तोंड फ्रेमकडे जातं आणि रीडिंग धरून ठेवायचं बटणच दिलेलं नाही, त्यामुळे पिन न हलवता गेज बाहेर काढायची कसरत होते, मी शेवटी मोबाइल आत घालून फोटो काढायला लागलो. दुसरं म्हणजे बॅटरीचं झाकण, जरा धक्का लागला की उडतं, चिकटपट्टी लावून ठेवलंय. माप मात्र चोख देतं, तेव्हा पाचपैकी चार स्टार, आणि हातात बसणारं बिनबॅटरीचं काटेवालं मिळालं तर तेच घ्या, खाली झोपून वापरायला ते सोपं पडतं.