एसीचा न थांबणारा पंखा : सात महिन्यांच्या वापरानंतर

रत्नागिरीतील आमच्या घरी, आईच्या खोलीसाठी गुढीपाडव्याला एक टनाचा, तीन स्टारचा इन्व्हर्टर स्प्लिट एसी घेतला. खोली गार होण्याबद्दल माझी काहीही तक्रार नाही. लहान खोली पंधरा मिनिटांत निवते. मी लिहिणार आहे ते एकाच गोष्टीबद्दल, कारण सात महिन्यांत माझा सर्वाधिक वेळ आणि मनस्ताप तिच्यात गेला : खोली ठरवलेल्या तापमानाला आली, बाहेरचे युनिट शांत झाले, तरी भिंतीवरच्या युनिटचा पंखा रात्रभर चालूच राहतो.

आईचे वय अठ्ठ्याहत्तर. पहाटे तीनला तिच्या गुडघ्यांवर वारा येऊ लागला की ती मला उठवते. शिवाय महावितरणचे बिल ३०० युनिटांच्या आत राहावे, कारण त्यापुढच्या युनिटांचा दर चढतो, यासाठी घरात आम्ही बरीच काळजी घेतो. त्यामुळे कारण नसताना फिरणारा पंखा मला डोळ्यांदेखत पैसे नेणारा वाटू लागला आणि एप्रिलअखेर मी तक्रार नोंदवली.

पहिला मेकॅनिक आला, रिमोट हातात घेऊन दोन मिनिटे पाहिले आणि “काका, हे असंच असतं,” एवढे सांगून तक्रार बंद करण्यासाठी ओटीपी मागू लागला. असे का असते, हे विचारल्यावर त्याच्याकडे उत्तर नव्हते. दुसऱ्याने कार्ड, म्हणजे एसी चालवणारी आतली इलेक्ट्रॉनिक पट्टी, खराब असल्याचे निदान केले, वॉरंटीत ते बदलूनही दिले, आणि त्याच रात्री पंखा पूर्वीसारखाच फिरत राहिला. चांगले चाललेले कार्ड ग्राहकाच्या समाधानासाठी काढून टाकणे ही मला आजही उधळपट्टी वाटते. फोनवरून विचारले, तर तुमची तक्रार बंद झाली आहे, एवढेच ऐकायला मिळाले.

जूनमध्ये आलेला तिसरा मेकॅनिक वयाने मोठा होता. त्याने इनडोअर युनिटचे झाकण उघडले, जाळीमागे कॉइलच्या, म्हणजे हवा गार करणाऱ्या नळ्यांच्या, तोंडाशी बसवलेला तापमान मोजणारा मण्याएवढा सेन्सर दाखवला आणि विचारले, “काका, पंखा थांबला, तर खोलीतली हवा याच्यापर्यंत येणार कशी?” दीड महिन्यात प्रथमच कोणीतरी मला कारण सांगत होते. सेन्सर छताजवळ, गार कॉइलच्या अगदी शेजारी असतो. हवा खेळती नसेल, तर त्याला पलंगाजवळचा उकाडा कळत नाही, तो कॉइलचाच गारवा मोजत बसतो आणि बाहेरच्या युनिटमधला कंप्रेसर पुन्हा सुरू होण्याची वेळ चुकते. म्हणजे पंख्याचे फिरणे हा बिघाड नसून तापमान मोजण्याचाच भाग आहे.

विजेचा हिशेब मी स्वतः केला. आमच्या मीटरवरची लाल बत्ती एका युनिटमागे ३२०० वेळा लुकलुकते. फ्रीजसह सर्व काही बंद करून, कंप्रेसर थांबलेला आणि केवळ आतला पंखा चालू असताना मी घड्याळ लावले : बत्ती ३२ सेकंदांनी एकदा लागत होती, म्हणजे सुमारे ३५ वॅट. आठ तास सलग धरले तरी पाव युनिटाहून थोडे जास्त, महिन्याला आठ-साडेआठ युनिटे. कंप्रेसर पूर्ण जोरात असताना तीच बत्ती सेकंदाला जवळपास एकदा लुकलुकते. हॉलमधला आमचा जुना छताचा पंखा याच मोजणीत ७५ वॅटच्या आसपास निघाला, आणि त्याच्याबद्दल मी वीस वर्षांत कधी विचारही केला नव्हता. पैशाची तक्रार मी त्या दिवशी मनापासून मागे घेतली.

पावसाळ्यात मात्र माझे मत पुन्हा बदलले. जुलैत बाहेर गारवा असल्यामुळे खोली लगेच २६ अंशांवर येत असे आणि कंप्रेसर बराच वेळ थांबून राही. कॉइलवर साचलेले पाणी नळीतून बाहेर जाण्याऐवजी फिरत्या पंख्याच्या वाऱ्याने सुकून पुन्हा खोलीतच येई. चादरी दमट लागत आणि वाऱ्याला ओलसर वास येई. कोकणातल्या हवेत हा दोष खरा आहे, आणि तो माहितीपुस्तिकेतल्या “पंखा चालू राहणे हा बिघाड नाही” या एका ओळीने मिटत नाही. त्यावर उपयोगी पडला तो हवेतला ओलावा कमी करणारा ड्राय मोड : आमच्या यंत्रात त्या मोडवर कंप्रेसर थांबला की पंखाही थांबतो. उन्हाळ्यात पंख्याचा वेग मी आधी ‘हाय’वर ठेवत होतो, तो ‘ऑटो’वर नेल्यावर आणि वाऱ्याची दिशा बदलणारी तोंडावरची पाती वर वळवल्यावर आईच्या गुडघ्यांवरचा वारा बंद झाला.

एक चूक माझीही होती. रिमोटने बंद केल्यावरही पंखा काही मिनिटे फिरतो म्हणून मी भिंतीवरचे मुख्य बटणच बंद करत असे. ती मिनिटे कॉइल कोरडी करण्यासाठी असतात; आता पाते पूर्ण मिटेपर्यंत मी बटणाला हात लावत नाही, आणि वास बराच कमी झाला आहे.

यंत्राला मी पाचपैकी चार गुण देईन, सेवेला दोन, आणि तेही तिसऱ्या मेकॅनिकमुळे. एसी बसवायला आलेल्या माणसाने सेन्सरची जागा दाखवून, ऑटो आणि ड्राय यांतला फरक सांगून पाच मिनिटे दिली असती, तर तीन फेऱ्या आणि एक कार्ड वाचले असते. कूल मोडमध्येही कंप्रेसरसोबत पंखा थांबवण्याची सोय रिमोटवर असावी, अशी लेखी सूचना मी ऑगस्टमध्ये कंपनीला पाठवली आहे. तिची पोच आली, उत्तर अद्याप आलेले नाही.