नाशपातीची कलमं घेताय? आधी पट्टी सोडून बघा

निफाड तालुक्यात आमची द्राक्षबाग आहे. दोन वर्षांपूर्वी ऐन डिसेंबरात एक जण बांधावर आला आणि मोबाइलवर काश्मीरच्या बगूगोशाचे, म्हणजे नाशपातीचे, फोटो दाखवू लागला. म्हणाला, "दादा, निफाडचा पारा पाच अंशांखाली जातो, दरवर्षी पेपरात येतं. नाशपातीला थंडीच तर लागते!" दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या, म्हणून माझा विश्वास बसला. 350 रुपयांप्रमाणे 120 कलमं घेतली, 42,000 रुपये रोख मोजले. पावती नाही. फळ आलं की माल आम्हीच उचलू, एवढा शब्द.

थंडीचं गणित नंतर कळलं. बगूगोशा म्हणजे बार्टलेट जातीची नाशपाती. तिला हिवाळ्यात सात अंशांखालचे साधारण 800 ते 1,000 तास मिळावे लागतात, तेव्हा कुठे डोळे नीट फुटतात, फुलं येतात. निफाडला पहाटे कडाका पडतो, पण दहा वाजता स्वेटर काढावा लागतो. तास भरणार कसे? शिवाय चांगली फळधारणा हवी तर शेजारी दुसऱ्या जातीची झाडं लागतात. त्याबद्दल तो अवाक्षर बोलला नव्हता. "पंजाबात मैदानात पिकतेच की," असंही त्याने सांगितलं होतं. पिकते, पण ती पत्थरनाख नावाची दुसरी जात. कमी थंडीवर भागणारी, खायला कडक आणि करकरीत. फोटो मात्र मऊ बगूगोशाचे.

त्याहून वाईट पुढेच. दुसऱ्या पावसाळ्यात फांद्यांना बोटभर काटे आले. कृषी सहायक ताईंना बोलावलं. त्यांनी बुडाजवळ, कलमाच्या जोडावर बांधतात ती प्लास्टिकची पट्टी नखाने सोडवली. आत जोड नव्हताच. खोड खालपासून वरपर्यंत सरळ, सालीवर ना गाठ ना तिरका व्रण. रानटी नाशपातीची रोपं, ज्यांचा खुंट म्हणून, म्हणजे चांगल्या जातीची काडी जोडायला खालचं झाड म्हणून उपयोग करतात, तीच नुसती पट्टी गुंडाळून विकली होती. डॉगरिज या द्राक्षाच्या खुंटावर कलम भरण्यात माझी वीस वर्षं गेली, तरी एकही पट्टी मी सोडून पाहिली नाही, याचं फार वाईट वाटतं.

तक्रार करायला गेलो तर पहिला प्रश्न पावतीचा, दुसरा रोपवाटिकेच्या परवाना क्रमांकाचा. माझ्याकडे दोन्ही नव्हते, त्याचा फोन बंद होता.

गेल्या आठवड्यात दिंडोरीच्या मेहुण्यांचा फोन आला. त्यांच्या बांधावर कुणीतरी सफरचंदाची कलमं घेऊन आलंय, तेच थंडीचं बोलणं. मी म्हटलं, दाजी, पैसे खिशातच ठेवा, आधी एक पट्टी सोडा.