चिनी सिनेमा: आधी हाँगकाँग की तैवान?

चिनी सिनेमा नीट बघायचाय, पण सुरुवात कुठून करू, असं मला गेल्या महिन्यात दोघांनी विचारलं. चेन काइगे, झांग यिमौ या दिग्दर्शकांचा चीनच्या मुख्य भूमीवरचा सिनेमा हा तिसराच रस्ता, तो तूर्त बाजूला ठेवू. मी स्वतः हाँगकाँगला उतरलो आणि तैवानात मुक्काम ठोकला.

हाँगकाँगची बाजू अजिबात लंगडी नाही. शॉ बंधूंचा क्लिअरवॉटर बेचा स्टुडिओ, १९७० मध्ये निघालेली गोल्डन हार्वेस्ट ही चित्रपट कंपनी, ब्रूस ली, जॅकी चॅन. दमून आलेल्या शुक्रवारी रात्री मी आजही हेच लावतो.

माझं बिनसलं ते आवाजावरून. तिथे १९८० च्या दशकातही बहुतेक चित्रपट मुकेच चित्रित व्हायचे, आवाज मागाहून स्टुडिओत चढवायचे, हाँगकाँगच्या कँटोनीज भाषेचा वेगळा, मँडरिन चिनीचा वेगळा. मोठमोठ्या नटांनाही उसना आवाज. हिंदीत डब झालेल्या जॅकी चॅनला आपण हसलो; पुढे हौसेनं कँटोनीज प्रत मिळवली, तर तिथेही ओठ मिटले तरी वाक्य चालूच! मारामारीत हे खपून जातं. पण पावसात उभं राहून कुणी हळूच काही बोलतं आणि आवाज येतो बंद खोलीतल्या माइकमधून, तिथे माझा मूडच जायचा. एकदा खटकलं ते खटकलंच.

तैवानचेही आधीचे चित्रपट डबच, हे कबूल. पण होऊ श्याओ-श्येनचा १९८९ चा 'सिटी ऑफ सॅडनेस' घ्या. त्यातला नट टोनी लिअंग हाँगकाँगचा, त्याला तैवानी बोली येईना. दिग्दर्शकानं उसना आवाज न चिकटवता पात्रच मूकबधिर केलं. हा फोटोग्राफर चिठ्ठ्या लिहून बोलतो. १९४७ मध्ये तैवानात मुख्य भूमीवरून आलेल्या सरकारविरुद्ध भडका उडालाय, आगगाडीत काठ्या घेतलेले लोक तिथून आलेल्यांना शोधतायत. ओळखायचं कसं? बोलण्यावरून. ते त्याला तैवानीत विचारतात, मग जपानीत, कारण पन्नास वर्षांच्या जपानी अंमलामुळे ती स्थानिकांना येते. याला ऐकूच येत नाही. कसाबसा घोगरा आवाज काढून तो सांगतो, मी तैवानी. संपूर्ण चित्रपटात त्याच्या तोंडून निघालेले तेवढेच शब्द. तैवानातला मार्शल लॉ १९८७ मध्ये उठला नसता तर हा विषय पडद्यावर येणं कठीणच होतं.

अर्थात हा सिनेमा संथ आहे. कॅमेरा दारापाशी बसल्यासारखा हलत नाही, आणि कोण कुणाचा भाऊ हे मलाही दुसऱ्यांदा पाहताना कळलं. घरच्यांसोबत बघणार असाल तर हाँगकाँगच बरं, उगाच बोलणी खाल. एकट्याला अडीच-तीन तासांची सवड असेल, तर मात्र मी तैवानच म्हणेन. आणि तेवढे हेडफोन लावा. मोबाइलच्या स्पीकरवर तो आगगाडीतला आवाज नीट येत नाही.