गुहागर ते रत्नागिरी, तवसाळच्या फेरीने

‘महामार्ग’ हा शब्द मनात धरून गुहागरहून निघू नका. रेवस ते रेडी सागरी महामार्गाचाच हा तुकडा, पण पालशेत, हेदवी करत जाताना तो गावातल्या रस्त्यासारखाच राहतो. एकीकडे जांभ्याचा गडगा, दुसरीकडे कुणाचं तरी अंगण. समोरून एसटी आली की कुणीतरी मागे जायचं. आम्ही दोनदा गेलो, आणि दोन्ही वेळा ड्रायव्हरने हात वर करून दाद दिली.

मला हा रस्ता आवडतो तो तवसाळसाठी. उतार थेट जेट्टीवर संपतो. पुढे शास्त्री नदीची खाडी, पलीकडे जयगड. गाडीसकट फेरीबोटीत चढायचं आणि थोड्या वेळात पलीकडे. सोबत आत्या होती. लग्न होऊन ती जयगडहून हेदवीला आली तेव्हा याच खाडीतून, होडीने, ट्रंक पायाशी घेऊन. ती अजूनही ‘तर’ म्हणते, ‘फेरी’ तिच्या तोंडात बसत नाही. पूर्ण वेळ ती गाडीबाहेर कठडा धरून उभी होती. किल्ल्याचा तट दिसायला लागल्यावर एकदम गप्प झाली.

शेवटच्या फेरीची वेळ निघण्याआधी विचारून घ्या. ती चुकली तर मागे फिरून भातगावच्या पुलावरून वळसा पडतो, आणि काळोखात तो नको वाटतो. एका फाट्यावरची पाटी झाडीत पार बुडालेली, आम्ही सरळ पुढे गेलो आणि अर्धा तास गेला. ज्यांचं हे काम आहे त्यांनी पावसाळा संपल्यावर एकदा तिथे कोयता फिरवावा, एवढीच विनंती.

जयगड बंदराच्या अवजड गाड्यांना वाट देत सावकाश निघा. मालगुंडला केशवसुतांच्या स्मारकापाशी थांबा. गणपतीपुळ्याहून रत्नागिरीला निवळीमार्गे जाऊ नका, आरे-वारेवरून जा. चढणीच्या वळणावर गाडी नीट कडेला लावून उतरलात की खाली सुरूची बनं आणि लांबच लांब वाळू दिसते. आमचा चहा थर्मासमधला होता, तो तिथेच संपला.

पाचपैकी साडेचार. अर्धा गुण पाटीचा कापला.

येताना दुपारचीच ‘तर’ धरायची, असं आत्याने आत्ताच बजावून ठेवलंय. उजेडात तिला पुन्हा कठड्याशी उभं राहायचंय.